ज्वराचे नाव आणि रक्ताची साक्ष : रक्तसंवर्धन-परीक्षेच्या इतिहासाची रूपरेषा

१

टायफॉईड या रोगाला मराठी बोलीत ‘मुदतीचा ताप’ असे नाव आहे. हा ज्वर अंगात शिरला म्हणजे तीन आठवड्यांची आपली मुदत पुरी केल्याविना उतरत नाही, हा अनेक पिढ्यांचा अनुभव या दोन शब्दांत साठविलेला आहे. परंतु याच नावात एक मोठी अडचणही दडलेली आहे. मुदत होती हे मुदत संपल्यावरच कळते. म्हणजे रोगाचे नाव निश्चित होईपर्यंत रोगी एक तर बरा झालेला असतो, किंवा दगावलेला असतो. ‘हिवताप’ हे नाव रोग्याला होणाऱ्या संवेदनेवरून पडले. ग्रंथांतील ‘विषमज्वर’ हा शब्दही ज्वराच्या चढउताराचेच वर्णन करतो. चरकसंहितेत संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक आणि चतुर्थक असे विषमज्वराचे पाच प्रकार सांगितले असून त्यांतील तृतीयक व चतुर्थक यांची लक्षणे आजच्या हिवतापाशी अधिक जुळतात. तरीही आधुनिक मराठीत हाच शब्द टायफॉईडला रूढ झाला आहे. एकच शब्द दोन भिन्न रोगांवर बसू शकला, कारण तो रोगाच्या कारणाचे नाव नव्हता, केवळ त्याच्या गतीचे नाव होता.

ज्वराला त्याच्या गतीवरून नव्हे, तर त्याच्या कारणावरून आणि तेही रोगी जिवंत असताना नाव देता यावे, यासाठी ज्या परीक्षा निर्माण झाल्या त्यांत रक्तसंवर्धनाचे स्थान अग्रगण्य आहे. रोग्याच्या शिरेतून निर्जंतुक रीतीने रक्त काढावयाचे, ते पोषक द्रवाच्या बाटलीत मिसळावयाचे, ती बाटली शरीराइतक्या उष्णतेत ठेवावयाची आणि तिच्यात जंतूंची वाढ होते की नाही ते पाहावयाचे, एवढीच ही कृती होय. वर्णनास ती सोपी आहे, परंतु तिच्या उत्तराचा अर्थ लावणे सोपे नाही. ‘बाटलीत वाढ झाली’, ‘रक्तात जंतू होते’ आणि ‘रोग्याचा आजार त्या जंतूंमुळे आहे’ ही तीन भिन्न विधाने आहेत. पहिले बाटलीविषयी, दुसरे रक्ताविषयी आणि तिसरे माणसाविषयी आहे. ‘वाढ झाली नाही’, ‘रक्तात जंतू नव्हते’ आणि ‘आजार नाही’ या विधानांचेही तसेच आहे. प्रयोगशाळा वस्तुतः केवळ पहिले विधान करू शकते. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सुरक्षितपणे कसे जावयाचे, हे शिकण्यात वैद्यकाची सुमारे दीडशे वर्षे खर्ची पडली. रक्तसंवर्धनाचा इतिहास म्हणजे मुख्यतः याच शिक्षणाचा इतिहास होय.

२

युरोपातही ज्वरांची नावे प्रथम बाह्य लक्षणांवरूनच पडली होती. ‘टायफस’ हा शब्द धूर किंवा बुद्धीवर आलेले झापड या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून निघाला. ‘टायफॉईड’ म्हणजे ‘टायफससारखा’. पॅरिसचे वैद्य पिएर लुई यांनी १८२९ मध्ये हे विशेषण आपल्या ग्रंथात वापरले. एका रोगाचे नाव दुसऱ्या रोगाशी असलेल्या साम्यावरून पडावे, यातच त्या काळच्या निदानाची अनिश्चितता प्रकट होते. पुढे फिलाडेल्फिया येथे गेरहार्ड यांनी १८३७ मध्ये आणि लंडन येथे विल्यम जेनर यांनी १८५० च्या सुमारास हे दोन रोग भिन्न असल्याचे दाखवून दिले. त्यांचा प्रमुख पुरावा शवविच्छेदनातून मिळालेला होता. टायफॉईडने मेलेल्याच्या आतड्यात व्रण आढळत, टायफसने मेलेल्याच्या आतड्यात ते नसत.

जंतूंचा शोध लागल्यावरही प्रारंभी हीच परिस्थिती कायम राहिली. कार्ल एबर्ट यांनी १८८० मध्ये टायफॉईडचा दंडाणू पाहिला तो मृतांच्या प्लीहेत व लसिकाग्रंथींत. गेओर्ग गाफ्की यांनी १८८४ मध्ये त्याचे शुद्ध संवर्धन केले. रोगाचे कारण आता हाती आले होते, परंतु मृत्यूच्या अलीकडे उभे राहून ते कसे ओळखावे हा प्रश्न तसाच होता.

याच सुमारास पॅरिसमध्ये सूतिकाज्वराच्या संदर्भात एक वेगळी वाट दिसू लागली होती. प्रसूतिगृहांतील स्त्रियांचा बळी घेणाऱ्या या ज्वराविषयी ११ मार्च १८७९ रोजी वैद्यक अकादमीत चर्चा चालू असताना लुई पाश्चर यांनी फळ्यावर माळेसारखी जंतूंची आकृती काढून रोगाचे कारण सभेपुढे मांडले, ही घटना प्रसिद्ध आहे. तिच्याइतका प्रसिद्ध नसला तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असा भाग त्यांच्या १८८० च्या निबंधात आहे. पाश्चर यांनी आजारी बाळंतिणींच्या बोटाला टोचून घेतलेले रक्त पोषक द्रवात पेरले होते. काहींच्या रक्तातून जंतू उगवले, काहींच्या रक्तातून उगवले नाहीत. जिवंत रोग्याच्या रक्ताला प्रश्न विचारण्याचा हा आरंभीचा आणि महत्त्वाचा प्रयत्न होय.

येथे शब्दाकडेही लक्ष द्यावयास हवे. पाश्चात्त्य भाषांतील ‘कल्चर’ हा शब्द जमीन कसणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला, आणि मराठीतील ‘संवर्धन’ हा शब्द वाढविणे, जोपासणे या अर्थाच्या ‘वृध्’ धातूपासून सिद्ध झाला. दोन्ही शब्द मशागतीचे आहेत. शत्रूला ओळखण्यासाठी त्याचीच जोपासना करावयाची, हा या परीक्षेतील विरोधाभास तिच्या नावातच उमटला आहे. पेरणीला जे नियम लागू असतात ते सर्व या परीक्षेलाही लागू पडतात. बी पुरेसे हवे, जमीन अनुकूल हवी आणि शेतात तण शिरता कामा नये.

३

प्रथम अडचण आली ती बियाण्याची व जमिनीची. टायफॉईडच्या रोग्याचे थेंब-दोन थेंब रक्त घट्ट माध्यमावर पसरले असता बहुधा काहीच उगवत नसे. त्यावरून हा जंतू रक्तात क्वचितच शिरत असावा, असा समज होऊ लागला. म्हणजे ‘बाटलीत वाढ झाली नाही’ या विधानावरून ‘रक्तात जंतू नाहीत’ या विधानावर उडी घेतली गेली.

ही उडी चुकीची का होती, याची दोन कारणे होती. पहिले असे की, रक्त हे उदासीन द्रव्य नव्हे. जॉर्ज नटॉल यांनी १८८८ मध्ये दाखविल्याप्रमाणे ताज्या रक्तात जंतू मारण्याची शक्ती असते, आणि ती रक्त शरीराबाहेर काढल्यावरही लगेच नाहीशी होत नाही. दुसरे कारण संख्येचे. टायफॉईडमध्ये रक्तातील जंतूंची संख्या अतिशय विरळ असते. विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएतनाममध्ये झालेल्या मोजणीत ती मध्यमानाने एका मिलिलिटर रक्तात एका जंतूच्या आसपास आढळली. अशा स्थितीत दोन थेंबांत जंतू सापडणे हा योगायोगाचाच भाग ठरतो.

या दोन्ही अडचणींवर उपाय एकाच दिशेने सापडला. बोटाऐवजी शिरेतून, थेंबांऐवजी अनेक मिलिलिटर रक्त घ्यावयाचे आणि ते भरपूर द्रव माध्यमात मिसळून त्याची मारक शक्ती विरळ करावयाची. हॅम्बुर्ग येथील ह्यूगो शॉटम्यूलर यांनी १९०० च्या सुमारास ज्वररोग्यांच्या रक्ताचे पद्धतशीर संवर्धन केले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. सर्व लक्षणे टायफॉईडची असलेल्या काही रोग्यांच्या रक्तातून टायफॉईडचा नव्हे, तर त्याच्याशी सदृश असा भिन्न दंडाणू उगवला. आशार व बाँसोद या फ्रेंच संशोधकांनी १८९६ मध्ये योजिलेले ‘पॅराटायफॉईड’ हे नाव अशा ज्वरांना पुढे रूढ झाले. डोळ्यांना जो रोग एक दिसत होता, तो रक्ताच्या साक्षीने अनेक ठरला. पुढे १९०६ मध्ये जर्मनीत कोनराडी आणि कायझर यांनी माध्यमात बैलाचे पित्त वापरण्याची युक्ती पुढे आणली. पित्ताने रक्त गोठत नाही, त्याची मारक शक्ती दबते, आणि टायफॉईडचा दंडाणू मात्र त्यात सुखाने वाढतो.

या संवर्धनांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. टायफॉईडचा दंडाणू रक्तात सापडण्याचा संभव पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि पुढे तो उत्तरोत्तर घटत जातो. म्हणजे मुदत पुरी होण्याची वाट पाहणाऱ्या जुन्या निदानाच्या नेमकी उलट गती या परीक्षेची आहे. जितका उशीर, तितकी साक्ष क्षीण.

४

रक्तसंवर्धनाला याच काळात एक प्रतिस्पर्धी निर्माण झाला. फेर्नां विडाल यांनी १८९६ मध्ये असे दाखविले की, टायफॉईडच्या रोग्याचे रक्तद्रव त्या दंडाणूंच्या द्रावणात मिसळले असता दंडाणू एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या बनतात. मॅक्स ग्रूबर व हर्बर्ट डरहॅम यांनी त्याच वर्षी या घटनेची मूलतत्त्वे स्वतंत्रपणे मांडली होती. विडालची परीक्षा स्वस्त होती, झटपट होती आणि तिला जिवंत जंतू पकडण्याची यातायात नव्हती. त्यामुळे ती जगभर पसरली, आणि भारतात तर ती आजही गावोगावच्या प्रयोगशाळांत केली जाते.

परंतु या दोन परीक्षा एकाच प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. रक्तसंवर्धन विचारते, ‘या क्षणी या रक्तात कोण आहे?’ विडालची परीक्षा विचारते, ‘या शरीराची अशा जंतूशी ओळख झाली आहे काय?’ ही ओळख जुन्या आजाराची असू शकते, लसीची असू शकते, किंवा दुसऱ्याच नातलग जंतूची असू शकते. शिवाय आजाराच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे निदानाची गरज सर्वांत जास्त असताना, ती ओळख पुष्कळदा प्रकट झालेली नसते. जेथे टायफॉईड नेहमीचा आहे अशा प्रदेशात एकाच नमुन्यावर केलेल्या या परीक्षेच्या आधारे ‘टायफॉईड निघाला’ असे म्हणणे धोक्याचे असते. ‘निघाला’ या क्रियापदात शोध पूर्ण झाल्याची जी निश्चिती आहे, ती त्या परीक्षेत नसते.

अर्थात रक्तसंवर्धनही निर्दोष नाही. टायफॉईडच्या खऱ्या रोग्यांपैकी सुमारे पन्नास ते साठ टक्के रोग्यांतच ते होकारार्थी येते. अस्थिमज्जेचे संवर्धन अधिक खात्रीचे असते, परंतु ते कष्टप्रद आहे. म्हणून रक्तसंवर्धनाचा नकार हा आजाराचा नकार नव्हे, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीइतकीच आजही खरी आहे.

५

होकाराचा अर्थ लावण्याचा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो हृदयाच्या झडपांच्या रोगात. लंडन येथे टॉमस हॉर्डर यांनी १९०९ मध्ये हृदयांतःस्तराच्या जंतुजन्य दाहाच्या १५० रोग्यांचे विवेचन प्रसिद्ध केले, आणि न्यूयॉर्क येथे एमानुएल लिबमन यांनी त्याच सुमारास या रोगाच्या मंदगती प्रकाराचा अभ्यास केला. महिनोन्‌महिने बारीक ताप येत असलेल्या या रोग्यांच्या रक्तात जो जंतू सापडे, तो सामान्यतः तोंडात वास करणारा निरुपद्रवी मालाणू असे. एरवी उपेक्षणीय वाटणारा जंतू येथे प्राणघातक ठरत होता. तेव्हा त्याला साक्षीदार मानावे की वाटेवरचा तण मानावे?

याचे उत्तर पुनरावृत्तीत सापडले. झडपेवर ठाण मांडलेला जंतू रक्तात अखंड झिरपत असतो. त्यामुळे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शिरांतून घेतलेल्या रक्तांत तोच जंतू पुनःपुन्हा उगवतो. त्वचेवरून चुकून सुईबरोबर आलेला जंतू बहुधा एका बाटलीत येतो आणि दुसरीत येत नाही. एका साक्षीदाराच्या एकाकी जबाबापेक्षा स्वतंत्रपणे दिलेल्या दोन जुळत्या जबाबांचे मोल अधिक असते, हा न्यायालयातील नियम येथे प्रयोगशाळेत लागू झाला. आजही प्रौढ रोग्याचे रक्त निरनिराळ्या जागांहून दोन किंवा तीन वेळा घ्यावे आणि प्रत्येक वेळी दोन बाटल्या भरतील एवढे, म्हणजे सुमारे वीस मिलिलिटर, घ्यावे, असा जो दंडक आहे, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

शॉटम्यूलर यांनी १९१४ मध्ये या सर्व अनुभवाला सैद्धान्तिक रूप दिले. शरीरात एखादे केंद्र निर्माण होऊन तेथून रोगजंतू सतत किंवा वेळोवेळी रक्तप्रवाहात शिरतात आणि त्यामुळे लक्षणे उत्पन्न होतात, तेव्हाच त्या अवस्थेला ‘सेप्सिस’ म्हणावे, अशी त्यांची व्याख्या होती. तिचे महत्त्व असे की, रक्तात जंतू असणे आणि जंतूंमुळे माणूस आजारी असणे या दोन गोष्टी तिने शब्दांत वेगळ्या केल्या. दात काढल्यावर काही क्षण रक्तात जंतू येतात आणि माणूस धडधाकट राहतो. त्याला रक्तातील जंतूंचे अस्तित्व म्हणता येईल, रोग म्हणता येणार नाही.

रक्त केव्हा घ्यावे, या प्रश्नालाही याच विचाराने वेगळे वळण मिळाले. थंडी वाजून ताप चढला म्हणजे रक्त घ्यावे असा जुना रिवाज होता. आयव्हन बेनेट आणि पॉल बीसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की, जंतू रक्तात शिरल्यानंतर साधारण तासाभराने थंडी व ताप येतात. तेव्हा ताप हा जंतूंच्या आगमनाचा नव्हे, तर पुष्कळदा त्यांच्या निर्गमनाचा संकेत असतो. ज्यांत जंतू थांबून थांबून रक्तात येतात अशा रोगांत तापाची वाट पाहणारा वैद्य उशिरा पोचतो.

६

प्रतिजैविकांच्या शोधापूर्वी रक्तसंवर्धनाचे मोल बरेचसे ज्ञानात्मक होते. रोगाचे खरे नाव कळले तरी त्या नावाने करावयाचे उपचार थोडे होते. ही स्थिती पालटल्याचे एक उदाहरण १९४८ मध्ये क्वालालंपूर येथे घडले. स्मेडल, वुडवर्ड आणि त्यांचे अमेरिकन सहकारी तेथे स्क्रब टायफसवर क्लोरॅम्फेनिकॉल या नव्या औषधाचे प्रयोग करीत होते. उपचार केलेल्यांपैकी दोन रोगी वस्तुतः टायफॉईडचे असल्याचे नंतर निष्पन्न झाले, आणि ते अपेक्षेपेक्षा फारच लवकर बरे झाले. मग मुद्दाम निवडलेल्या टायफॉईडच्या रोग्यांवर प्रयोग करण्यात आले, आणि तीन आठवड्यांची मुदत काही दिवसांवर आली. नावातील साम्यामुळे शतकभर घोटाळा करणारे हे दोन ज्वर येथे पुन्हा एकदा परस्परांत मिसळले होते. मात्र या वेळी त्यांची फारकत झाल्यामुळे एका रोगाला औषध सापडले.

तथापि औषधाबरोबर रक्तसंवर्धनाकडे एक नवे काम आले. बाटलीत उगवलेला जंतू कोण, एवढेच सांगून भागेना. तो कोणत्या औषधाने मरतो, हेही सांगणे आवश्यक झाले. १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि भारतात केरळातील कालिकत येथे क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफॉईडच्या साथी आल्या. १९९० च्या सुमारास महाराष्ट्रासह देशाच्या अनेक भागांत एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारा दंडाणू पसरला. २०१६ पासून पाकिस्तानातील सिंध प्रांतात त्याहूनही प्रतिकारक्षम असा प्रकार आढळला. विडालच्या परीक्षेतून यांपैकी काहीही कळू शकले नसते. कारण औषध कोणते चालेल हे विचारण्यासाठी जंतू जिवंत हाती असावा लागतो, आणि तो हाती देण्याचे काम संवर्धनच करते.

यातून एक नवे संकटही उद्भवले. रोगी प्रयोगशाळेच्या दारी येण्यापूर्वीच त्याला प्रतिजैविकाची मात्रा मिळालेली असली, तर बाटलीत जंतू उगवण्याचा संभव बराच कमी होतो. औषधाने रोग दबतो, परंतु साक्षही दबते. म्हणून ‘आधी रक्त, मग औषध’ हा क्रम वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो, अर्थात अत्यवस्थ रोग्याच्या बाबतीत औषधाला विलंब होणार नाही एवढ्या मर्यादेत.

७

यंत्रांनी या परीक्षेचे बाह्य रूप पुष्कळ बदलले. पूर्वी बाटली गढूळ झाली की नाही हे डोळ्यांनी पाहावे लागे, आणि तिच्यातील द्रव पुनःपुन्हा काढून तपासावा लागे. जंतू वाढताना कर्बद्विप्राणिद वायू सोडतात, या गोष्टीचा उपयोग करून १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत किरणोत्सारी कर्बावर आधारलेले स्वयंचलित यंत्र सिद्ध झाले. १९९० च्या सुमारास बाटलीच्या तळाशी असलेल्या संवेदकाचा रंग बदलताच सूचना देणारी यंत्रे आली. जेथे ही यंत्रे आहेत तेथे बहुतेक उत्तरे एक-दोन दिवसांत मिळतात, आणि नकाराचा निर्णय साधारणतः पाच दिवसांनी होतो. उगवलेला जंतू कोणता हेही आता त्याच्या प्रथिनांच्या वस्तुमानावरून थोड्या मिनिटांत ओळखता येते.

परंतु यंत्र केवळ बाटली वाचते. तिच्यात रक्त किती भरले, ते कोणत्या क्षणी घेतले आणि त्वचा नीट स्वच्छ केली होती की नाही, हे यंत्राला कळत नाही. त्वचेवरील निरुपद्रवी पुंजाणू बाटलीत शिरले तर यंत्र तितक्याच तत्परतेने ‘वाढ झाली’ असे सांगते, आणि मग निरोगी रक्ताच्या माणसाला अकारण प्रतिजैविके मिळतात, अकारण रुग्णालयात राहावे लागते. अशा अशुद्ध नमुन्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली असावे, हा निकष दीर्घकाळ प्रचलित आहे. तो यंत्राचा निकष नाही. तो हातांचा निकष आहे.

‘सेप्सिस’ या शब्दाचा प्रवासही येथे नोंदविण्यासारखा आहे. २०१६ मध्ये मांडलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयवांच्या कार्यात प्राणघातक बिघाड होणे म्हणजे सेप्सिस होय. तिच्यात रक्तात जंतू सापडण्याची अट नाही. शॉटम्यूलर यांच्या व्याख्येचा केंद्रबिंदू रक्तप्रवाह होता, आता तो आजारी देह झाला आहे. यावरून रक्तसंवर्धनाचे महत्त्व कमी झाले असे मानणे योग्य होणार नाही. कोणत्या जंतूशी झगडावयाचे आणि कोणत्या शस्त्राने, याचे उत्तर अजूनही मुख्यतः त्या बाटलीतूनच येते. मात्र ते उत्तर म्हणजे निदान नव्हे, निदानाला मिळालेली एक साक्ष होय, हे आता शब्दांतही मान्य झाले आहे.

मुदतीचा ताप हे नाव बोलीतून अद्याप गेलेले नाही, आणि ते जाण्याची आवश्यकताही नाही. ज्या काळी मनुष्याच्या हाती वाट पाहण्यावाचून दुसरे काही नव्हते, त्या काळाची ती प्रामाणिक नोंद आहे. आजच्या रोग्याला ती मुदत भोगावी लागू नये, असा या परीक्षेचा हेतू आहे. तो सफल होण्यासाठी पहिल्या आठवड्यात, औषधापूर्वी, स्वच्छ हातांनी आणि पुरेशा प्रमाणात रक्त घेतले जाणे, आणि बाटलीच्या विधानाला माणसाविषयीचे विधान समजण्याची घाई न करणे, एवढे आवश्यक आहे. दीडशे वर्षांच्या इतिहासात या परीक्षेची साधने अनेकदा बदलली, परंतु या अटी बदललेल्या नाहीत.